सात मडकी आणि आठवीचा वर्ग

"लय एकी आहे बाप्पा तुमच्या गावात," असं कोणी पाहुणा म्हणाला की माझं डोकं सणकतं. एकी कसली डोंबलाची! आमच्या गावात सगळे सगळ्यांना हो म्हणतात, एवढंच. त्याला एकी म्हणत नाहीत. मी हे तोंडावर बोलते म्हणून गावात मला तिखट बाई म्हणतात. म्हणोत बापडे. मी जी गोष्ट सांगायला बसले आहे, तिच्यात मी एकटीच तिखट होते आणि तेवढ्यानं भागलं नाही, हेच माझं दुखणं आहे.

आमचं गाव रिसोड तालुक्यात. केनवडचा बाजार तोच आमचा बाजार. माझं माहेरही हेच आणि सासरही हेच, मला वेशीच्या आतल्या आत दिली. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पण सातवीपर्यंत. आठवीला जायचं तर नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात जावं लागतं. तिथं एका संस्थेचं हायस्कूल आहे, पण शाळेच्या वेळेला एसटी नाही. पोरं सायकली दामटत जातात. पोरींचे बाप म्हणतात, "पोरीची जात आहे, रस्त्यात काही झालं त?" आणि पोरी घरी बसतात. मी अशीच बसले होते. आज माझी सून आली तरी पोरी अजून तशाच बसतात. संताप येणार नाही तर काय होईल?

माझ्यासोबत आणखी एक मुलगी घरी बसली होती. ती बुद्धविहाराकडची, मी मारुतीकडची. पहिली ते सातवी आम्ही एका तरटावर बसलो. मी चुलीपाशी गेले, ती मजुरीला गेली. पण ती काही गप्प बसणारी नव्हती. पुढे लग्न करून गावातच राहिली, लेकरं झाल्यावर बाहेरून दहावी दिली, बचत गट उभा केला आणि एकदा सरपंचही झाली. आज गावात जे नळ आहेत ते तिनं आणलेले आहेत. आमच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडून द्या, असा ठरावही तिनंच केला. तो ठराव वाशीमला जिल्हा परिषदेत जाऊन पडला. तो पुढे रेटायला तिथं आपलं माणूस पाहिजे होतं. म्हणून तिला जिल्हा परिषदेवर जायचं होतं. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं.

याआधी दोनदा तिला नाव मागे घ्यायला लावलं होतं. दोन्ही वेळा हेच सांगितलं होतं, "यंदा सांभाळून घ्या, पुढच्या टायमाले तुमचंच." आणि दोन्ही वेळा समजूत काढायला सगळे तिच्याच दारात गेले. मारुतीकडच्या एकाही माणसाच्या दारात कोणी "तुमी थांबा" म्हणायला गेलं नाही. ते का, हे मला ठाऊक आहे, गावालाही ठाऊक आहे. मला ते बोलायची लाज वाटत नाही. ज्यांनी केलं त्यांना वाटली पाहिजे.

यंदा निवडणूक लागली तेव्हा माझ्या धाकट्या जावेची पोरगी सातवीत होती. पोरगी अशी, की किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाही. एक दिवस माझी मैत्रीण आमच्या ओट्यावर बसली होती, तेव्हा पोरीनं तिला विचारलं, "मावशी, आठवी इथंच होईन ना?" मैत्रीण म्हणाली, "होईन. मी निवडून आली त झालीच समज." पोरीनं ते खरं धरलं. तिनं सातवीची पुस्तकंही कव्हरं घालून ठेवली, खालच्या वर्गातल्या पोरीला द्यायला, कारण आता आपल्याला आठवीची मिळणार.

आमचं सर्कल, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, महिलांसाठी राखीव सुटलं. तालुक्याच्या नेत्यानं बैठकीत स्पष्ट सांगितलं, "पार्टीचं तिकीट एकच आहे. एका गावातून एकच नाव आणा. जे गाव एक नाव आणीन त्याच्याशी बोलू." नाल्यापलीकडच्या गावानं त्याच संध्याकाळी एक नाव दिलं. हायस्कूलच्या संस्थाचालकाची सून. तिच्यापुढे तिथं ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. आता मला सांगा, ती बाई निवडून आली तर आमच्या शाळेला आठवीचा वर्ग कशाला जोडू देईल? आमची आठवीची पोरं म्हणजे त्यांच्या हायस्कूलचे भरलेले बाक. हे दूधपितं लेकरूही सांगू शकलं असतं. म्हणजे तिकीट आमच्या गावात आलं तरच आठवी, नाहीतर नाही.

आणि आमच्या गावातून नावं किती निघाली? सात! नावं सात बायांची आणि इच्छा सहा नवऱ्यांची. सातवी माझी मैत्रीण. तिच्या नवऱ्याला कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "तिची इच्छा तिलेच विचारा ना." बाकी सहा घरांत बायांना कोणी विचारलंही नव्हतं. एक गृहस्थ असे, की सोसायटीपासून ग्रामपंचायतीपर्यंत दिसेल त्या निवडणुकीला उभे राहिलेले आणि दरवेळी आपटलेले. दुसऱ्याचं समाजकार्य म्हणजे फाट्यावर स्वतःच्या वाढदिवसाचं फ्लेक्स. आणि तिसरा आमच्याच घरातला, माझा धाकटा दीर.

भाऊजी माणूस वाईट नाही. वावरात राबणारा आहे. पण गणपतीत एकदा त्यांच्या हातात माईक आला आणि तेव्हापासून अंगात आलं ते आलंच. त्यांनी माझ्या जावेचं नाव पुढे केलं. फ्लेक्स लागलं तर त्यावर जावेचा फोटो डोक्यावर पदर घेतलेला, टिकलीएवढा, आणि भाऊजींचा फोटो हात जोडलेला, दाराएवढा. जाऊ मला म्हणाली, "बाई, मी निवडून आली त मले काय करा लागीन?" मी म्हटलं, "काही नाही, पदर सांभाळाचा."

मग सुरू झाले रोडगे. आमच्याकडे कोणाला काही पदरात पाडून घ्यायचं असलं की तो वावरात रोडगे करतो. जाड कणकेचे पदर घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं आणि सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. एकानं केले की दुसऱ्याला करावेच लागतात. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. गाव खात होतं. खायला माझी ना नाही. पण रोडगा खाऊन ढेकर देताना प्रत्येक जण यजमानाच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचा, "काही काळजी करू नका, काम तुमचंच." सहाही वावरांत तीच माणसं, तोच ढेकर आणि तेच वाक्य! ज्याचं खाल्लं त्याला नाही म्हणायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत. त्या रीतीला मी हात जोडते, लांबून.

माझ्या मैत्रिणीनं रोडगे केले नाहीत. ती घरोघर गेली, बायांत बसली, आठवीचं बोलली. बायांनी तिला रोडगे न खाता हो म्हटलं, म्हणून माझा त्या 'हो'वर विश्वास होता.

मी भाऊजींना ओट्यावर गाठलं.

"भाऊजी, किती मतं आहेत आपली?"

"काहून? अख्खं गाव म्हणून राह्यलं का काम तुमचंच."

"गाव सगळ्यायलेच म्हणून राह्यलं ते."

"आपल्या रोडग्याले ताटं कमी पडले, वैनी. तुमीच वाढत होत्या ना?"

"वाढत होती म्हणूनच सांगून राह्यली. तेच तोंडं आदल्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात पाह्यले मी. तुमी मांगं पडले आहा, भाऊजी. लय मांगं. आताच उठा, म्हणजे इज्जतीनं उठसान. तुमच्याच पोरीची आठवी आहे त्याच्यात."

भाऊजींचं तोंड कडू झालं. म्हणाले, "घरचेच लोक पाय ओढतात, मंग बाहेरच्यायचं काय?" आणि गेले निघून. माझ्या नवऱ्यानं मला समजावलं की त्यांच्या मनाला लागतं, जपून बोलत जा. अहो, मनाला लागू नये म्हणूनच तर हा सगळा घोळ झाला! मागे पडलेल्याला मागे पडलास असं सांगायचं नाही, का तर त्याला वाईट वाटेल. मग तो आपला पुढेच आहे समजून नाचतो.

म्हणून मी बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, आपणच आपलं मोजून टाकू. सात मडकी ठेवा, एकेका बाईच्या नावाचं एकेक. गावातल्या पार्टीच्या प्रत्येक माणसानं, बाईनं एकट्यानं खोलीत जायचं, तुरीचा एक दाणा पाहिजे त्या मडक्यात टाकायचा आणि बाहेर यायचं. कोणी कोणाला विचारायचं नाही. ज्याचं मडकं सगळ्यात जास्त भरेल तेच नाव तालुक्याला, बाकी सहा जणांनी राग न धरता उठायचं. आश्चर्य म्हणजे सातही जण एका तोंडानं हो म्हणाले. म्हणणारच. प्रत्येकाला सगळं गाव 'काम तुमचंच' म्हणालेलं होतं.

केनवडच्या बाजारातून कोरी मडकी आणली. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत ओळीनं मांडली, तोंडाला फडकी बांधली आणि फडक्याला दाणा जाईल एवढी भोकं ठेवली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खुणा केल्या. जावेच्या मडक्याला हिरवी बांगडी, मैत्रिणीच्या मडक्याला निळी फीत. दारात मी टोपलं घेऊन बसले आणि एकेकाच्या हातावर एकच दाणा ठेवला. मी स्वतः ठेवला, सांगते ना. लोक नव्या लुगड्यांत, धुतलेल्या सदऱ्यांत येत होते, आत जात होते, हसत बाहेर येत होते. मला वाटलं, चला, एकदाचं खरं बाहेर पडणार. दारापासून थोडं दूर भाऊजींची पोरगी तिच्या मैत्रिणींना घेऊन उभी होती. त्या पोरींना ठाऊक होतं की आत त्यांच्या शाळेचंच काहीतरी ठरतंय.

दुपारी सतरंजी अंथरली आणि पहिलं मडकं उलटं केलं. ढीगभर तूर पडली. मैत्रिणीचं मडकं पुढे असणार हे धरूनच मी होते, म्हणून मी हसले. पण ते निळ्या फितीचं नव्हतं, ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्याचं होतं. दुसरं उलटं केलं. पुन्हा ढीग. तिसरं, चौथं. सातही मडक्यांतून ढीगच्या ढीग पडले, आणि सगळे जवळपास सारखे! तूर इतकी पडली होती की तेवढी माणसं गावात पाळण्यातल्या पोरांसकट नव्हती.

मी टोपल्याकडे बघते, ढिगांकडे बघते. एकेकच दाणा दिला होता मी. मग ही तूर आली कुठून?

ओळीत पुढेच बसलेला एक म्हातारा पागोटं सारखं करत म्हणाला, "आता बाई, सातायपैकी सहायचे रोडगे खाल्ले ना आपण. एकाच्या मडक्यात टाकाचं आन् बाकीच्यायचं तोंड कसं पाहाचं? आन् सातव्या बाईनं नळ आणले, तिले कसं सोडाचं? खिशात होते घरचे दाणे, टाकले सगळ्यायले एकेक."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "मीनबी तेच केलं." मग तिसरा, मग चौथा. बायांच्या बाजूनं कोणीतरी फिसकन हसलं. तुरीची सराई होती, प्रत्येकाच्या घरात तूर पडलेली. खिशात मूठभर घालून आले होते सगळे आणि सात मडक्यांना सात दाणे वाटून गेले, कोणाचं मन दुखू नये म्हणून!

मी टोपलं आपटलं. म्हटलं, "अरे, हे मत आहे का देवापुढचा प्रसाद? एकाले हो म्हणाचं म्हणजे बाकीच्यायले नाही म्हणाचं असते, एवढंबी समजत नाही का तुमाले?" म्हातारा म्हणाला, "चिडू नको ना माय. कोणाचंच वाईट नाही केलं आमी." कोणाचंच वाईट केलं नाही! आणि दारात पोरी उभ्या.

बरं, हे ऐकून त्या सहा जणांना तरी लाज वाटावी? छे. प्रत्येकजण आपल्या ढिगाकडे पाहून खूश. भाऊजी म्हणाले, "पाहा वैनी, मडकं भरलं का नाही?" फ्लेक्सवाला म्हणाला, "असं डोळ्यानं काय समजते, तोलून घ्या." आणि खरंच किराणा दुकानातून काटा आणला हो! ढीग तोलायला बसले. मग भांडण लागलं, याची तूर ओली आहे, त्याची वाळलेली आहे, याच्यात खडे आहेत. दरवेळी आपटणाऱ्या त्या गृहस्थांनी स्वतःच्या ढिगातले दाणे दुसऱ्याच्या ढिगाशेजारी धरून दाखवले की माझे दाणे मोठे आहेत, म्हणजे मोठ्या शेतकऱ्यांनी मला मत दिलं आहे. शिकली सवरलेली माणसं ही! मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात तालुक्याच्या नेत्याचा फोन आला. संध्याकाळपर्यंत एक नाव द्या, नाहीतर पलीकडच्या गावाचं नाव फायनल. फोन ठेवला. सहा नवरे एकमेकांकडे बघत बसले. कोणी उठावं? ज्याच्या त्याच्यापुढे ढीग. ढिगापुढून उठायचं म्हणजे आपण मागे होतो हे कबूल करायचं, ते कोणाला जमणार? पंगतीत कोणी आधी उठत नाही तशी गत. ताटातलं संपलं तरी सगळे शेवटच्याची वाट बघत बसतात.

आणि माझी मैत्रीण उभी राहिली.

"माह्यं नाव काढा," ती म्हणाली. "आता सहाचं तरी एक करा. तिकीट गावात राहू द्या. जिचं कोनाचं नाव जाईन तिनं आठवीचा वर्ग आणा, एवढंच मांगनं आहे माहं."

काय झालं असेल सांगा. टाळ्या वाजल्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा, समजदार बाई." "त्याग म्हणजे असा पाह्यजे." मघा सगळ्यांना एकेक दाणा टाकणारा म्हातारा डोळे पुसायला लागला. आणि कोणीतरी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. ती शाल पिशवीत आधीच होती! म्हणजे कोणीतरी उठणार हे त्यांना सकाळीच माहीत होतं, आणि कोण उठणार हेही माहीत होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ओरडले, "उठाचं त्या सहायनं होतं! ही उठली कशी? बसवा तिले खाली कोनीतरी!" माझ्याकडे लोकांनी असं पाहिलं जसं मी मंगलाष्टकात शिंकले.

मी तिला बाहेर हात धरून ओढत नेलं.

"काहून उठली तू? सगळ्या बाया तुह्याच बाजूनं होत्या."

"कोनी तरी आंधी उठल्याबिगर पंगत उठत नाही," ती म्हणाली. "मले वाटलं, मी उठली का बाकीचे उठतीन."

"आन् उठले का?"

तिनं आत पाहिलं. आत सहा जण तिच्या जागेवर सरकून ऐसपैस बसले होते. शाल तिच्या हातात होती, ती तिनं मला दिली आणि घरी गेली. ती शाल मी अजून वापरली नाही. कोठीत आहे, उंदरांनी कुरतडली तर बरं होईल.

संध्याकाळी गावातून सहा नावं गेली. तिकीट पलीकडच्या गावाला मिळालं, संस्थाचालकाची सून निवडूनही आली. आठवीच्या वर्गाचं कोणी विचारायला गेलं की सांगतात, बघू. आमच्या सहा जणांपैकी एकालाही वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. भाऊजी तर महिनाभर सांगत फिरले, "माह्यं मडकं भरलं होतं, पण तालुक्यानं अन्याय केला." टीव्हीवर मोठमोठी माणसं बसून चर्चा करतात, शर्यतीत मागे पडलेल्यानं कधी थांबावं. मला बोलवा म्हणावं. मी सांगते. तुम्ही मागे आहात हे तुमच्या घरातल्या चुलीला आधी कळतं. चुलीपाशी बसणारीला विचारा आणि ती गप्प राहिली तर त्याच क्षणी थांबा.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. जूनमध्ये कळलं.

जून सरता सरता शाळा उघडली. सातवी पास झालेल्या पोरींचे दाखले न्यायला कोणी आलं नाही, पोरी घरीच. भाऊजींनी आता सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, स्वतः. पुन्हा रोडगे! वावरात चिखल म्हणून अंगणातच टिनाच्या छपराखाली गोवऱ्या पेटवल्या. आम्ही जावाजावा कणीक मळत होतो, आणि पोरगी शाळेच्या वेळेला आमच्याजवळ बसून गोळे वळत होती. पिठाखाली वर्तमानपत्राचा तुकडा होता. तिनं तो पीठ झटकून वाचला आणि म्हणाली, "मोठीमाय, हे अर्धंच फाटलं आहे. याच्यापुढं काय असीन?" मी तिच्यापुढे आणखी कणीक सरकवली.

पोरगी पाणी आणायला गेली तशी जाऊ धुरात डोळे पुसत म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुमी माह्या हातावर एकच दाणा ठेवला होता ना?"

"हो. मंग?"

"मी घरून काही नेलं नवतं. तेवढा एकच टाकला मी. निळ्या फितीच्या मडक्यात."

मी कणकेचा हात तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. माझ्याशिवाय गावात खरं मत देणारी आणखी एक बाई निघाली, आणि ती कोण, तर हिरव्या बांगडीवाली उमेदवार!

"मंग बोलली काहून नाही तवा?"

"कोनी विचारलं मले?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुमीबी नाही विचारलं, बाई."

पंगत बसली. भाऊजी तुपाची वाटी घेऊन ओळीतून फिरत होते. तोच म्हातारा, तीच माणसं. "काही टेन्शन घेऊ नका, काम तुमचंच," सुरू झालं होतं. जाऊ वांग्याच्या भाजीचा गंज घेऊन बाहेर गेली, पण वाढायला वाकली नाही. ओळीच्या तोंडाशी उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सारखा केला नाही. मी दारात होते. लग्न होऊन आल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"तुमी सगळ्यायले सांगता ना, माह्यं मडकं भरलं होतं म्हणून?" ती नवऱ्याला म्हणाली. "त्याच्यात माहाच दाणा नवता. मी मलेच मत देल्लं नाही. माह्या पोरीच्या आठवीसाठी तिले देल्लं. मंग हे लोक तुमाले कायले देतीन?"

भाऊजींच्या वाटीतलं तूप कलंडलं. "येळकाळ काही आहे का नाही तुले?"

"येळ तवाच होती. तवा तुमी उठले नाही." मग ती ओळीकडे वळली. गंज तिनं खाली ठेवला. "ज्याले ह्यायले खरंच मत द्याचं आहे त्यानं बसा. ज्याले द्याचं नाही त्यानं उठा. उपाशी नाही पाठवत कोनाले, बांधून देतो रोडगे. पण माह्या अंगनात बसून खोटं नका बोलू."

कोणी हललं नाही. म्हाताऱ्यानं भाऊजींकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं, पाण्याची कळशी घेतलेल्या पोरीकडे पाहिलं. मग त्यानं ताटातच हात धुतला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. त्याच्यामागे शेजारचा उठला. मग पंगतच उठली. बसून राहिले ते आमचे घरचे आणि भाऊजींचा एक जुना दोस्त. मी सगळ्यांना फडक्यात रोडगे बांधून दिले.

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन दाखला आणला, मोटारसायकल काढली आणि पोरीला मागे बसवून नाल्यापलीकडच्या हायस्कूलला नेलं. आता रोज नेतात, रोज आणतात. सोसायटीचं नाव काढलं नाही पुन्हा.

परवा ते मला म्हणाले, "झालं ना वैनी तुमच्या मनासारखं? आता तरी राग सोडा." तेव्हा आम्ही ओट्यावर होतो. समोर नळावर पोरीच्या सातवीच्या वर्गातल्या बाकीच्या पोरी पाणी भरत होत्या. शाळेची वेळ होती. एकीची घागर भरून वाहत होती, पण तिचं लक्ष नव्हतं, ती भाऊजींच्या मोटारसायकलीकडे बघत होती. माझी मैत्रीण तिथून जाता जाता थांबली आणि तिनं नळ बंद केला.

मी भाऊजींना नळाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "मोजा."